वावळीवरचे निशाण

शिवडीच्या किल्ल्यामागे खाडीच्या अंगाला जो कडा आहे, त्याच्या अगदी टोकावर एक जुनी वावळ उभी होती. तिची निम्मी मुळे खडकात आणि निम्मी हवेत होती. कड्याच्या पायथ्याशी तिवराची झाडी, तिच्यापुढे ओहोटीला उघडी पडणारी चिखलाची रुंद पट्टी आणि मग बंदराचे पाणी. झाड इतके उंच होते, की काळाचौकीच्या चाळींच्या तिसऱ्या मजल्यावरून त्याचा शेंडा स्पष्ट दिसे. १९५५ चा पावसाळा संपल्यावर या वावळीवर काकणांच्या एका जोडीने घरटे बांधले.

काकण म्हणजे समुद्रगरुड. डोके आणि पोट पांढरे, पाठ राखाडी, पंख पसरले की घारीला झाकून टाकतील एवढे. मालवणच्या किनाऱ्याला हा पक्षी सगळ्यांच्या ओळखीचा, मुंबईत मात्र तो कोणाच्या खिजगणतीत नव्हता. हे घरटे पहिल्या काटकीपासून दोघांनी पाहिले. एक, लवू घाडी. तो काळाचौकीत राहत असे आणि एका कापडगिरणीत साचे चालवीत असे. दुसरे, मनमोहनराव तळपदे. ते ठाकूरद्वारचे, बंदराच्या कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे वडिलांच्या वेळची पितळी दुर्बीण होती.

दर रविवारी सकाळी मनमोहनराव ट्रामने लालबागपर्यंत येत, तिथून चालत किल्ल्यापाशी पोहोचत. लवू बुरुजाखाली विडी ओढत बसलेला असे. मग दोघे कड्याच्या कडेकडेने वावळीपर्यंत जात. वाटेत मनमोहनराव दर थोड्या वेळाने थांबत. चिखलात चोच खुपसणारे तुतवार, पळत जाऊन एकदम थबकणारे चिखल्या पक्षी, पाण्यावर सूर मारणाऱ्या सुरया, यांतले एकही ते सोडत नसत. एकदा तिवरातून बाहेर आलेला कोल्हा चिखलात कुर्ल्या उकरताना दिसला, तेव्हा ते तासभर उकिडवे बसून राहिले होते. लवूला यातल्या कशातच रस नव्हता.

"राव, ही सगळी एका मापाची, एका रंगाची," तो म्हणे. "आमच्या खात्यातल्या बदली कामगारांसारखी. नावं तरी किती लक्षात ठेवायची?"

"तुझी काकण तेवढी कायम कामगार, असंच ना?"

"तर! तिची हजेरी चुकत नाही."

खरोखरच चुकत नसे. नर सकाळी मासा घेऊन येई, मादी कर्कश ओरडून त्याला जागा देई. डिसेंबर संपताना मनमोहनरावांना दुर्बिणीतून घरट्याच्या काठावर एक पांढरे, हलणारे डोके दिसले. त्यांनी दुर्बीण लवूच्या हातात दिली. लवूने पुष्कळ वेळ पाहिले. लहानपणी वडिलांनी त्याला समुद्रावरच्या कड्यावर नेऊन असेच एक घरटे दाखवले होते. त्या घरट्यातले पिल्लू उडताना मात्र त्याने पाहिले नव्हते. त्याआधीच त्याला गिरणीत लावायला मुंबईला धाडले होते.

"हे उडताना बघायचं, राव," तो म्हणाला. "एवढं एक बघायचं."

"मार्च उजाडेल."

"उजाडू दे. आपण कुठे जातोय?"

त्या वर्षी लवूच्या घरात दुसरेही काही घडले होते. मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून निघालेल्या मोर्चावर नोव्हेंबरात गोळीबार झाला, त्यात त्याचा भाचा राजाराम गेला होता. राजारामची आई, लवूची थोरली बहीण सुभद्रा, याच चाळीत तिसऱ्या मजल्यावर खानावळ चालवीत असे. तिचा नवरा दम्याने गावीच असे. दिवाळीच्या बोनसमधून राजारामने तिच्यासाठी चंद्रकळा आणली होती. काळे सुती लुगडे, लाल काठाचे. संक्रांतीला नेस, असे तो म्हणाला होता. दिवाळीनंतर आठवडाभरातच तो मोर्चात गेला आणि परत आला नाही.

संक्रांतीच्या आदल्या संध्याकाळी चाळीतली मुले काळे निशाण कुठे लावायचे यावर वाद घालीत होती. त्या दिवसांत काळी निशाणे गल्लोगल्ली होती. लालबागच्या मुलांनी एक मोठे निशाण लावले होते, त्यापेक्षा उंच लावायचे असा धोंडूचा हट्ट होता. धोंडू हा राजारामचा जोडीदार, चाळीतल्या मंडळाचा म्होरक्या. सुभद्रा पेटीतून चंद्रकळा घेऊन बाहेर आली.

"ह्या लावा," ती म्हणाली. "माज्या झिलान हाडलेला. नेसाचा तर नाय आता. पदर तेवढो मी ठेवतंय."

तिने स्वतः कात्रीने पदर वेगळा केला. बाकीचे लुगडे धोंडूने नीट घडी करून काखेत घेतले. मग म्हणाला, "मावशी, हे तर सगळ्या मुंबईला दिसेल अशा जागी लावतो. जागा तेवढी सांगा कोणीतरी."

जागा लवूने सांगितली. बहिणीने ते लुगडे काढून दिले होते आणि त्याला दुसरे काहीच देता येण्यासारखे नव्हते. त्या वावळीवर चढायची वाट त्याच्याखेरीज कोणाला ठाऊक नव्हती.

संक्रांतीच्या सकाळी तो एकटाच चढला. बांबू शेंड्याच्या फांदीला बांधला, लुगड्याला गिरणीतल्या सुताच्या दोरीने गाठी मारल्या. घरटे त्याच्यापासून दोन हात खाली, खाडीच्या बाजूच्या फांदीवर होते. पिल्लू मान आत घालून बसले होते. मादी दूर घिरट्या घालीत ओरडत होती. वारा पूर्वेचा होता, खाडीवरून येणारा. निशाण चाळींच्या दिशेला फडकले, घरट्यापासून दूर. लवूला हायसे वाटले. तो उतरला, आणि थोड्या वेळात मादी घरट्यावर येऊन बसलेलीही त्याने पाहिली.

दुपारी वारा फिरला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मनमोहनराव आले, तेव्हा सकाळ होती आणि कापड शहराकडे उडत होते. नर मासा टाकून गेला. मादी पिल्लाला भरवत होती. मनमोहनरावांनी दुर्बिणीतून निशाण पाहिले, घरटे पाहिले, आणि विचारले, "हे कोणाचं काम?"

"माझं."

"तुझं?"

"बहिणीचं लुगडं आहे, राव. राजूनं आणलेलं."

मनमोहनराव खडकावर टेकले. दुपारपर्यंत दोघे तिथेच बसून राहिले. ऊन चढले, तसा वारा शहरापलीकडच्या, पश्चिमेच्या समुद्राकडून यायला लागला, आणि ते सारे कापड उलटून घरट्यावर गेले. कधी ते फांद्यांवर आपटे, कधी घरट्यावर पडून राही, पुन्हा सपकन उचले. मादी उडाली. पायांत मासा धरून नर आला, घिरट्या घालत राहिला, आणि शेवटी खाडीपार निघून गेला. मादी एकदा जवळ आली, कापड उसळले, ती फेकल्यासारखी बाजूला झाली.

"मतलई वारा सकाळचा आणि खारा वारा दुपारचा," मनमोहनराव म्हणाले. "हे मला तू शिकवलंस."

"तेव्हा डोक्यात नाही आलं."

"उन्हात ते पिल्लू किती टिकेल? रात्री आई नसली तर थंडीत किती टिकेल? सकाळचं खाणं मिळतंय, तेवढ्यावर चाललंय." ते थांबले. "लवू, माझ्या मेहुण्याच्या ओळखीचा एक फौजदार आहे. अशी निशाणं काढायचे त्यांना हुकूम आहेत. इथलं त्यांच्या लक्षात आलेलं नाही, एवढंच. मी नुसता निरोप दिला तर उद्या उतरेल."

लवूने विडी पेटवली. ती नीट पेटली नाही, तशीच टाकली.

"राव, माझ्या भाच्याला गोळी त्यांनी घातली."

"म्हणून तर विचारतोय. न विचारता केलं असतं, तर तुला कळलंही नसतं."

"मग विचारलंत कशाला?"

लवू हो म्हणाला नाही. नाहीही म्हणाला नाही. निघताना मनमोहनरावांनी गळ्यातली दुर्बीण काढून त्याच्याकडे दिली. "पुढच्या रविवारी घेईन," म्हणाले. निरोप त्यांनी दिला नाही.

सोमवारी पहिली पाळी सुटल्यावर लवू थेट कड्यावर गेला. झाडाखाली धोंडू आणखी दोघांना घेऊन पत्ते खेळत बसला होता. निशाणाला कोणी हात लावू नये म्हणून त्यांनी राखण ठेवली होती.

"या मामा, या. डाव टाकू?"

"जरा वर जातो. वारा जास्त आहे, कापड फाटेल. थोडं बांबूला गुंडाळून ठेवतो."

"गुंडाळलेलं निशाण?" धोंडू हसला. "लालबागवाले म्हणतील, काळाचौकीनं धुणं वाळत घातलंय. राहू दे मामा. फाटलं तर फाटलं."

लवूने मग खरे ते सांगितले. सांगताना त्याचे त्यालाच ते विचित्र वाटले. धोंडूने वर पाहिले, मग पत्त्यांकडे पाहिले.

"पाखरासाठी, मामा?"

"पिल्लू आहे."

"राजूसुद्धा कोणाचं तरी पिल्लूच होता ना." धोंडूचा आवाज चढला नव्हता. "मावशी रोज सकाळी चहाआधी कठड्याशी येऊन हे बघते. तिला काय सांगायचं, काकणीला त्रास होतो म्हणून खाली घेतलं?"

लवू उभाच राहिला. बाकीचे दोघे पत्ते पिसत होते. थोड्या वेळाने धोंडूलाच कसेसे झाले.

"असं करा," तो म्हणाला. "उद्या सकाळी टोपली घेऊन या आणि ते पिल्लूच खाली आणा. मांदेली घाला त्याला. चाळीत वाढवू. फक्त निशाणाला हात नाही लावायचा."

"घरात जगेल का ते?"

"का नाही जगणार? तळमजल्यावरच्या गंगाधरची कोंबडी नाही का जगली? हे मोठं झालं की खुराड्यासकट उडेल, एवढंच."

तिघेही हसले. लवूही हसला. जगेल याची त्याला खात्री नव्हती, पण एवढा एकच मार्ग उरला होता. परतताना त्याने बाजारातून झाकणाची टोपली घेतली आणि सुभद्रेच्या खानावळीत सकाळसाठी चार मांदेल्या बाजूला ठेवायला सांगितल्या.

त्याच संध्याकाळी मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, ती केंद्राच्या ताब्यात राहणार, हे रेडिओवरून जाहीर झाले. अंधार पडायच्या आत रस्त्यांवर दगड आले, दिवे फुटले, लालबागच्या बाजूला धूर दिसू लागला. मंगळवारी सकाळी लवू टोपली घेऊन जिन्याखाली आला, तेव्हा नाक्यावर बंदुका घेऊन पोलीस उभे होते. दूध आणायला बाहेर पडलेल्या एका माणसाला गोळी लागली असल्याची बातमी त्याच वेळी चाळीत येऊन पोहोचली होती. लवूला दोघांनी दंडाला धरून मागे ओढले. मग कर्फ्यू लागला. गिरण्या बंद होत्याच. चाळीतून कड्याकडे जाणारा प्रत्येक रस्ता नाक्यावरून जात होता.

तेव्हापासून लवू तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत दुर्बीण घेऊन बसला.

त्या आठवड्यात हवा बदलली. वायव्येचा गार वारा सुटला आणि सकाळ-दुपार असा भेद राहिला नाही. निशाण दिवसभर घरट्यावर आडवे उडत होते. मंगळवारी त्याला पांढरे डोके दोनदा दिसले. बुधवारी सकाळी नर आला, कापड जरा खाली पडलेले पाहून त्याने वरूनच मासा सोडला. मासा फांदीवर आपटून खाली गेला. मादी शेजारच्या झाडावर बसून होती. संध्याकाळपर्यंत ती तिथून हलली नाही. कावळे मात्र जवळ येऊन बसू लागले होते. कापड उडाले की तेही उडत, आणि पुन्हा येत.

चाळीत दुर्बिणीचा बोलबाला झाला. रस्त्यावर जाता येत नव्हते, म्हणून लोक रांगेने निशाण पाहायला येऊ लागले.

"लवू, जरा बघू दे की. तुझी काय मक्तेदारी आहे?"

"बघा काय फडकतंय! सचिवालयापर्यंत दिसत असेल."

"अगो, काठसुद्धा दिसतो त्याचा!"

प्रत्येकाला दुर्बीण देताना लवू ती निशाणावर लावून देई. घेतल्यावर पुन्हा दोन हात खाली आणी. खाली काय आहे ते कोणी विचारले नाही.

गुरुवारी दुपारी सुभद्रा हात पुसत आली. तिने बराच वेळ पाहिले. दुर्बीण धरायची सवय नसल्याने ती एक डोळा मिटून पाहत होती. लवूने मनाची तयारी केली. फांदीपर्यंत कोणी जाऊ शकत नव्हते, हे त्याला कळत होते. तरीही तिच्या तोंडून एकदा "काढ" असे निघाले, तर नाक्यावरच्या पोलिसांना हात वर करून तो जाणार होता.

"बाय," तो म्हणाला, "त्या झाडार काकणीचां घरटां हा."

"माका म्हायत हा. तूच सांगलंस मा."

"पिलू हा त्यात."

सुभद्रेने दुर्बीण डोळ्यावरून काढली नाही.

"बरां झालां," ती म्हणाली. "थंय एकटो नाय माजो राजू."

मग ती भात उतरवायला आत गेली. लवूने दुर्बीण पुन्हा दोन हात खाली आणली.

शुक्रवारी सकाळी कड्यावर पोलीस दिसले. सहा-सात जण होते. राखणीला कोणी नव्हतेच. एक तरुण शिपाई बूट काढून झाडावर चढू लागला. पाच मिनिटांत सगळ्या गॅलऱ्या भरल्या. इतक्या लांबून ओरडून काही उपयोग नव्हता, तरी लोक ओरडत होते. धोंडू कठड्यावर मुठी आपटत होता. एक म्हातारी सारखी म्हणत होती, "मेल्याचो पाय निसरो, पाय निसरो मेल्याचो."

लवूने दुर्बीण शिपायाच्या पायांवर धरली होती. शिपाई घरट्यापाशी पोहोचला. तिथे थांबला. वाकून आत पाहिले. खाली कोणाला तरी काही बोलला असावा, कारण खालच्या हवालदाराने अधीरपणे हात हलवला. शिपायाने पाय घरट्यावर न ठेवता पलीकडच्या फांदीवर ठेवला, वर सरकला आणि विळ्याने दोरी कापली. चंद्रकळा एकदा पूर्ण उघडली आणि कड्याखाली तिवरात गेली.

गॅलरीत रडे फुटले. लवूच्या मनात त्या क्षणी जे आले, त्याला आनंदाखेरीज दुसरे नाव नव्हते. त्याने दुर्बीण डोळ्यांवरून काढली नाही. काढली असती तर चेहरा दिसला असता.

"काय दिसता रे?" शेजारून सुभद्रेने विचारले.

"गेले ते," तो म्हणाला.

पोलीस उतरून गेल्यावर मादी आली. बऱ्याच घिरट्या घालून ती घरट्याच्या काठावर बसली. तिच्यामागोमाग नर आला, त्याच्या पायांत मासा होता. मासा तिने चोचीत घेतला आणि ती उभी राहिली. पिल्लाला भरवताना काकण मान खाली घालते, तुकडा तोडते, पुन्हा मान खाली घालते. लवूने हे रविवारमागून रविवार पाहिले होते. मादीने मान खाली घातली नाही. ती तशीच उभी होती. लवू वाट पाहत होता. पुष्कळ वेळाने तिने मासा पायाखाली घेतला आणि स्वतः खाल्ला. मग दोघे उडून गेले, आणि कावळे घरट्यात उतरले.

रविवारी मनमोहनराव येऊ शकले नाहीत. ट्रामी बंद होत्या. पुढच्या आठवड्यात कर्फ्यू दिवसापुरता उठला, त्याच सकाळी सुभद्रेने लवूला हाक मारली. तिच्या हातात घडी केलेला पदर होता.

"ह्यो लाव," ती म्हणाली. "थंयच."

"बाय, तां परत काढतले."

"काढूंदेत. मगे माज्याकडे आणखी काळां आसा."

लवूने पदर घेतला. नाही म्हणायला आता काही कारणही राहिले नव्हते. तो कड्यावर पोहोचला, तेव्हा झाडाखाली मनमोहनराव उभे होते. ठाकूरद्वारहून ते चालत आले होते, आणि त्यांच्या चपलेचा अंगठा तुटला होता. त्यांनी लवूच्या हातातला काळा कपडा पाहिला. लवूने दुर्बीण गळ्यातून काढून त्यांना परत केली.

"पोलिसांनी काढलं असं ऐकलं," मनमोहनराव म्हणाले. "मी निरोप दिला नव्हता, लवू."

"ठाऊक आहे, राव."

"द्यायला हवा होता का?"

लवूने धोतराचा काचा मारला, पदर कमरेला खोचला आणि तो चढू लागला. वर जाईपर्यंत त्याने घरट्याकडे पाहिले नाही. मग पाहिले. बोय माशांचे काटे होते, समुद्रसापाच्या मणक्यांची वाळलेली माळ होती, आणि काटक्यांना चिकटून राहिलेली थोडी पांढरी लव. मुंग्या कधीच येऊन गेल्या होत्या. घरटे अजून मजबूत होते. वर्षानुवर्षे तेच वापरायचे असल्यासारखे त्यांनी ते बांधले होते.

बांबू जागेवरच होता. त्याने पदराची दोन टोके बांबूला बांधली. गाठी पहिल्यासारख्याच पक्क्या मारल्या. वारा कुठला आहे ते या वेळी त्याने पाहिले नाही.

"काय दिसतंय रे?" खालून मनमोहनरावांनी विचारले. त्यांनी दुर्बीण डोळ्यांना लावली होती आणि खाडीपारच्या आकाशात ते काही शोधत होते.

लवूने चाळींकडे पाहिले. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत कोणीतरी उभे असल्यासारखे वाटत होते. एवढ्या अंतरावरून नक्की सांगता येत नव्हते.

"काही नाही, राव," तो म्हणाला. "खाली येतो."